अंगठ्याचा कौल

गणपती दूध प्यायले, त्या गोष्टीला अजून महिना व्हायचा होता. हमरापूरला ज्यांच्या घरात बारा महिने गणपती घडतात, रंगतात आणि विकले जातात, त्या हातांनीसुद्धा त्या दिवशी दुधाचा चमचा पुढे केला होता. मग पेणच्या खाडीकाठच्या तामसखारनेच तेवढे मागे का राहायचे? त्यांच्याकडे तर चमत्कार स्वतःच्या पायांनी चालत आला होता आणि गावदेवीच्या ओट्यावर मुक्काम ठोकून बसला होता.

नमिता सुट्टीच्या दिवशी एस.टी.तून उतरून बांधावरून गावात शिरली, तेव्हा घरे उघडी होती आणि घरात कोणी नव्हते. भात कापणीला आलेले, विळे ओट्यावर पडलेले. सगळा गाव देवळापुढे लोटला होता. मधोमध वाघाच्या पट्ट्यांनी रंगवलेल्या घोंगडीवर जटाधारी खडेमहाराज बसले होते. समोर तांब्याचा कलश, मांडीवर लाल पिशवी, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"मीठ काय, कोणाच्याही हातून विरघळतं! चोराच्या, सावाच्या, न्हालेल्याच्या, बिनन्हालेल्याच्या. मिठाला डोळे नाहीत! पण हा आईचा खडा. हिमालयात बर्फाच्या पोटात बारा वर्षं तप केलेला. निर्मळ माणसाच्या नावानं सोडला, की पाणी बघून विरतो. आणि ज्याच्या पोटात काळं, त्याच्या नावाचा खडा बुडाशी दगड होऊन बसतो. बोला, गावदेवी माउलीचा..."

"उदो!" गाव ओरडला.

हिमालयातला बर्फ आणि बारा वर्षे, एवढे भांडवल असले की आपल्याकडे कुठलाही धंदा चालतो. पण या महाराजाने मिठाचे नाव घेतले होते, त्यात त्याची खरी हुशारी होती. तामसखार हे मिठागरावर राबणाऱ्यांचे गाव. तंटा झाला की देवीपुढे पाण्याच्या तांब्यात मिठाचा खडा टाकायचा आणि म्हणायचे, खोटं बोललो तर या मिठासारखा विरघळून जाईन. न्याय करणारे पंच आधी मीठ टाकणार, मग भांडणारे, ही गावकीची जुनी रीत. त्या शपथेने कोणी विरघळले नव्हते, पण खोटे बोलताना जीभ अडखळायची आणि पुष्कळसे तंटे तिथेच मिटायचे. महाराजाने त्या शपथेची उलटापालट केली. माणसाने बोलायचे होते, आता खडा बोलू लागला.

"बांधा डोळे!" महाराज म्हणाला.

गावकीचा मुख्य पंच काळुराम पुढे झाला. त्याने स्वतःच्या हाताने महाराजाच्या डोळ्यांवर काळे फडके आवळले, दोन गाठी मारल्या, पिशवी खुळखुळवली आणि परत दिली. काळुरामची सून मालू तापाने मलूल झालेल्या पूजाला कडेवर घेऊन उभी होती. पोर पाच वर्षांची, पण मान खांद्यावर टाकलेली. महाराजाने पिशवीत हात घातला. ओठ हलले. हात आतल्या आत थोडा वेळ फिरला आणि अंगाऱ्याने माखलेला एक पांढरा खडा बाहेर आला.

"पूजाच्या नावानं!"

खडा पाण्यात पडला आणि बुडाला लागता लागताच फुटला. पाणी दुधासारखे पांढरे झाले. बायकांनी हात जोडले. ते पाणी पूजाला पाजले. तासाभरात पोरीला दरदरून घाम आला, ताप उतरला आणि तिने भात मागितला. मालू रडायला लागली. नमिता गर्दीच्या कडेला उभी राहून हे सगळे पाहत होती. रोह्याजवळच्या धाटावच्या एका औषध कंपनीत ती केमिस्ट होती. अंगावर शहारा आला होता, पण तो भक्तीचा नव्हता. काहीतरी ओळखीचे आहे, पण काय, हे तिला कळत नव्हते. डोळे बांधलेले, पिशवी एक, खडे एकसारखे. मग हवा तो खडा हातात येतो कसा?

तेवढ्यात महाराजाचे अंग घुमू लागले.

"ताप उतरतो, पण परत येतो. का येतो? कोणीतरी बसलंय लेकरांना खायला! मला दिसतंय... बांधाच्या कडेला... एकलं घर... दाराशी शेवग्याचं झाड..."

गर्दीतली सगळी तोंडे एकाच दिशेला वळली. बांधाच्या कडेला एकच घर होते, दाराशी शेवगा असलेले. ते हौसाचे. नमिताच्या आतेचे. नमिताची आई गेल्यावर जिने तिला पदराखाली घेतले, मिठाची टोपली डोक्यावर वाहून शिकवले, ती हौसा.

"येत्या अमावास्येला," महाराज सांगत होता, "लक्ष्मीपूजनाला, तिन्हीसांजेला तिच्या नावाचा कौल. खडा विरघळला तर सुटली. नाय विरघळला तर पुढचं गावानं बघायचं."

पुढचं म्हणजे काय, हे कोणी विचारले नाही. विचारायची गरज नव्हती. दोन वर्षांमागे खाडीपलीकडच्या एका वाडीत अशीच एक बाई चेटकीण ठरली होती. आधी तिला वाळीत टाकले, तिच्या चुलीला विस्तव मिळेना, विहिरीवर पाणी मिळेना. मग एका सकाळी तिचे घर जळालेले मिळाले. बाई मिळाली नाही.

हौसा अंगणात सुकट पाखडत बसली होती.

"आलीस गो बाय? पेज हाय, घेतंस?"

"आते, देवळात काय झालं माहिताय तुला?"

"ऐकू आला. वारा तिकडचाच हाय."

"तुझं नाव कशाला घेतलं त्यानं?"

"नाव त्यानं नाय घेतलंन. त्यानं झाड सांगितलंन. नाव गावानं घेतला." हौसाने सूप खाली ठेवले. "मालूला मी बोलले, पोरीला पेणला सरकारी दवाखान्यात ने. येक दिवस थंडी वाजून ताप, येक दिवस बरी, परत ताप. हा काय देवीचा कोप नाय, डासाचा हाय. काचेवर रगत घेतात, ते घेऊ दे. तर मालू तयार झालेली. तवापासून म्हाराज माझ्या घराकडं बघून थुकतो."

म्हणजे दवाखान्याची वाट दाखवणारी बाईच महाराजाला नडत होती. पोरे पेणला गेली, बरी झाली, तर खड्यांना कोण विचारणार?

"तो खडा मला बघायचाय," नमिता म्हणाली.

"विरघळलेला कसा बघशील? नाय विरघळलेला बघायचा तर जनूकडं जा. त्याच्या दारावर टांगलाय."

जनू होडीवाला. महाराजाला बघून तो एकदा मोठ्याने हसला होता, एवढाच त्याचा गुन्हा. दुसऱ्याच दिवशी त्याच्या नावाचा खडा दगड झाला. असा खडा लाल फडक्यात बांधून पाप्याच्या दारावर टांगायचा, हा महाराजाचा नियम. तेव्हापासून जनूच्या होडीत कोणी पाय ठेवत नव्हते. खाडीच्या चिखलात होडी आडवी पडून होती आणि जनू तिच्याकडे बघत बसलेला असायचा.

"ने गो बाय, ने," तो इकडेतिकडे बघत पुटपुटला. "पन बदली कायतरी बांध. रिकामा फडका दिसला तर मारतील मला."

नमिताने खडा काढला आणि फडक्यात मिठाचा खडा बांधून ठेवला. अंगारा पुसला तर खाली पांढरी, गोल, कंपनीचा ठसा नसलेली गोळी. तिने कडेला नख मारले, ओरखडासुद्धा उठला नाही. जिभेला लावली. जो कडूपणा प्रयोगशाळेतून रोज बोटांना चिकटून घरी येतो, तो विसरणे शक्य नव्हते. ही तापाची गोळी होती, पॅरासिटामॉलची, बाजारात पैशापासरी मिळणारी.

ती तशीच काळुरामकडे गेली. तो ओसरीवर बसला होता, मांडीवर झोपलेली पूजा. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली.

"तुज्या कंपनीच्या गोळीनं उतरला का म्हाराजाच्या खड्यानं उतरला, मला काय त्याचा? पोर जगली पायजे."

"पोर जगावी म्हणूनच सांगते, काका. या गोळीनं ताप उतरतो, रोग नाही जात. रोग आत वाढतोय."

"डोळे मी सोता बांधतो. मंग तो बरोबर खडा कसा काढतो, सांग."

नमिता हातातली गोळी उलटसुलट करून बघू लागली.

"बघ! तुला पन ठावं नाय." काळुराम कडवटपणे नव्हे, थकून बोलत होता. रात्र रात्र नात उशाशी घेऊन बसलेला माणूस तो. "तुजी आते निर्मळ असंल तर खडा विरघळंल. मंग भ्यायचा कशाला?"

निर्दोष माणसाने विस्तवात हात घालायला का भ्यावे, हे विचारणारे लोक आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या होऊन गेले आहेत, आणि विस्तवात हात त्यांपैकी कोणाचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती रोह्याला निघाली. नागोठण्याच्या बाजूला तिथल्या मोठ्या रसायन कारखान्याच्या चिमणीवर ज्योत जळत होती आणि तिच्या उजेडात आभाळाची कड लाल दिसत होती. येता-जाता नेहमी बघितलेली ज्योत, पण त्या दिवशी तिला शेवग्याचे झाड आणि त्यामागचे कौलारू घर आठवले. तिने खिडकीकडे पाठ केली.

गोळ्या दाबायच्या विभागाचे प्रमुख होते रूबेनकाका. मूळचे रोह्याकडच्याच एका गावचे, बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू. भाऊबंद सगळे कधीच इस्रायलला गेले, हे एकटे राहिले. कारण विचारले तर म्हणायचे, "तिकडे मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी कोण लावून देणार?" नमिताने त्यांच्या टेबलावर गोळी ठेवली. त्यांनी ती कठीणपणा मोजायच्या चिमट्यात धरली आणि स्क्रू आवळत गेले. आवळता आवळता त्यांचे हसू मावळले.

"ही कुठून आणलीस?"

"गावातल्या एका दारावरून."

"ही पावसाळ्याआधीची, आपण नवीन मिक्सर बसवला तेव्हाची. सेटिंग जमत नव्हतं ना! पावडरीत खळ घालून मळतो, त्याचे दाणे करतो, वाळवतो, मग दाबतो. एका वेळी कमी मळलं, हलका दाब दिला. गोळी पाण्यात पडली की लगेच मोडायची, कडा झडायच्या. म्हणून पुढच्या वेळी जास्त मळलं, दाबही वाढवला. दाणे झाले खडीसारखे आणि गोळी झाली दगड. तूच तपासलीस, आठवतं?"

आठवत होते. कोमट पाण्यात जाळीच्या टोपलीत गोळ्या वरखाली होतात, तिथे तिने त्या पाहिल्या होत्या. पाव तासात मोडायला हव्यात, त्या तासाभराने काढल्या तरी कडासुद्धा शाबूत. दोन्ही प्रकारच्या गोळ्या नापास झाल्या. ड्रममध्ये भरून चुरा करून जाळायला दिल्या. दिल्या म्हणजे कंत्राटदाराच्या माणसांच्या ताब्यात दिल्या.

"ते ड्रम उचलणारा एक गोविंदा होता," रूबेनकाका म्हणाले. "बारीक कापलेल्या केसांचा. भारी बोलघेवडा. पाण्याच्या पेल्यात गोळ्या टाकून बघत बसायचा, दोन्ही प्रकारच्या. मला वाटायचं, माणसाला जिज्ञासा आहे."

होतीच. जिज्ञासा चोरालाही असते.

"पण तो निवडतो कसा?" नमिता म्हणाली. "डोळे बांधलेले असतात. वजन सारखं, व्यास सारखा, रंग सारखा."

रूबेनकाकांनी कपाटातून राखून ठेवलेल्या दोन्ही प्रकारच्या गोळ्या काढल्या आणि शेजारी शेजारी उभ्या केल्या. नमिता वाकून बघत राहिली. पावडर तेवढीच, पण जी जास्त दाबली ती जास्त चपटी. फरक पोस्टकार्डाच्या जाडीएवढा. तिने डोळे मिटले, एक गोळी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसरी. परत पहिली. थोड्या वेळाने ती न बघता सांगू लागली, ही नरम, ही दगड. एकदाही चुकली नाही.

तिने डोळे उघडले. पिशवीत आतल्या आत फिरणारा तो हात तिला दिसला. ओठ मंत्र पुटपुटत होते आणि अंगठा माणसे निवडत होता. ह्याला जगू दे, हिला जळू दे.

"ड्रम जळले नाहीत, हे मी साहेबांना आत्ताच सांगतो," रूबेनकाका उठत म्हणाले. "आपल्या घरातला कचरा दुसऱ्याच्या पोरांच्या पोटात चाललाय. या गोळ्या तू घेऊन जा. कोणी विचारलं तर मी दिल्या म्हणून सांग."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तामसखारच्या प्रत्येक दाराशी पणती होती. हौसाच्या दाराशी नव्हती. लावू नको, असा निरोप गावकीने दिला होता. देवळापुढे नेहमीचा कालवा नव्हता. बायका एका बाजूला दाटीने उभ्या, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि बऱ्याच जणांच्या हातात काठ्या होत्या. देवळाच्या मागे रॉकेलचा डबा ठेवलेला नमिताला दिसला. सणाचे दिवस, रॉकेल असायचेच, असे तिने स्वतःला सांगून पाहिले. ते तिला पटले नाही.

हौसा धुवट लुगडे नेसून आली होती. तिच्या भोवती आपोआप रिकामी जागा झाली. परवापरवापर्यंत जिच्या हातची पेज मागून प्यायचे, तिच्या सावलीवरून लोक पाय मागे घेत होते. पूजाला पुन्हा ताप चढला होता. दिव्यांच्या उजेडात तिचे ओठ सुकलेले दिसत होते.

"आणा कलश!" महाराज गरजला. "बांधा डोळे! आज दूध का दूध, पाणी का पाणी!"

"थांबा," नमिता पुढे आली. "काळुरामकाका, मिठाच्या शपथेची आपली रीत काय? आधी कोणी मीठ टाकायचं?"

"पंचांनी," काळुराम म्हणाला. "न्याव करनाऱ्यानं आधी."

"मग आज का नाही?"

गर्दीत कुजबुज झाली. म्हातारे माना डोलवू लागले. रीत ती रीत. महाराज हसला. त्याला काय, तिघा पंचांसाठी तीन नरम खडे काढायचे आणि मग चौथा. "जरूर! पंच तर देवाची माणसं. बांधा डोळे!"

"डोळे राहू देत," नमिता म्हणाली. "उघडेच असू द्या, महाराजांना सगळं नीट दिसू दे. फक्त अंगठा बांधा."

कोणीतरी फिसकन हसले. महाराज हसला नाही.

"अंगठा? अंगठ्यात देवीचा वास आहे, पोरी! देवी कोपेल!"

"देवी खड्यात हाय, असं म्हनला होता ना?" काळुराम सावकाश म्हणाला. इतके दिवस त्याने डोळ्यांवर गाठी मारल्या होत्या आणि प्रत्येक वेळी महाराजाने आनंदाने मान पुढे केली होती. आज अंगठा म्हटल्यावर तोच माणूस हात मागे घेत होता. काळुराम तंट्यांचा न्याय करत म्हातारा झालेला. कोण कुठे कचरतो, हे त्याला कळायचे. "बांध गो."

नमिताने फडक्याच्या घड्या करून महाराजाचा उजवा अंगठा जाडजूड गुंडाळला. डावा हात जनूने धरला. पिशवीत हात गेला आणि राहिला आत. मंत्र लांबला. कपाळावर घाम आला.

पहिल्या पंचाचा खडा पाण्यात पडला. फुटला, पाणी पांढरे झाले. "उदो!" गाव ओरडला. कलश बदलला. दुसऱ्या पंचाचा खडा. तोही फुटला. तिला पुरते ठाऊक होते, अंगठा बांधला की खेळ फक्त नशिबाचा उरतो, आणि नशीब कोणाचेही सगे नसते. महाराजाच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला. काठ्या धरलेले हात हौसाच्या बाजूला सरकले.

"काळुरामच्या नावानं!"

खडा टणकन बुडाला लागला. सगळे वाकून बघू लागले. बुडबुडा नाही, पांढरे वलय नाही. पाणी स्वच्छ आणि त्याच्या तळाशी खडा, जसाच्या तसा. वाट बघून झाली. पलीकडे पूजा तापात कण्हत होती, तेवढेच ऐकू येत होते.

मग मागून आवाज आला, "आजाच नातीला खातो?"

एवढेच. पण ज्या काठ्या हौसाकडे वळल्या होत्या, त्या सावकाश काळुरामकडे वळल्या. आपल्याच माणसांकडे तो आळीपाळीने बघत होता आणि कोणाचीही नजर ओळखीची नव्हती. काळुराम एक पाऊल मागे सरला. वाळीत टाकायची भाषा त्याने जन्मभर दुसऱ्यांसाठी वापरली होती.

त्याच्यापुढे येऊन उभी राहिली ती हौसा.

"थांबा रे! मघा मी खात होते, आता हा खातो. उद्या कोन? आधी तो खडा तरी बघा!" तिने कलशात हात घातला, खडा काढला, देवळाच्या पायरीवर ठेवला आणि नारळ फोडायच्या दगडाने तो ठेचला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा भुगा झाला. तो भुगा तिने चिमटीने कलशात सोडला. पाणी पांढरे झाले, पूजाच्या वेळी झाले होते तसेच.

"घ्या," ती म्हणाली. "पापी होता, दगडानं कुटला, पुन्यवान झाला."

आता नमिताने आपल्या पुड्या उघडल्या आणि गोळ्या ज्याच्या त्याच्या हातावर ठेवल्या. "डोळे मिटा आणि कडेवरून अंगठा फिरवा. चपटी ती दगड, जाड ती नरम. दोन्हींत औषध एकच, तापाचं. आमच्या कारखान्यात मशिनचं सेटिंग चुकलं, म्हणून या फेकल्या. आपल्या पेणच्या गिरणीत पोहे कसे होतात? एकाच भाताचे जाड पोहे, एकाच भाताचे पातळ पोहे. मशिन आवळलं की वेगळे, सैल केलं की वेगळे. जाड पोहे पटकन भिजले नाहीत तर कोणी म्हणतं का, की शेतकरी पापी आहे? तसंच हे. जास्त मळलं, जास्त दाबलं, पाणी आत शिरायला भोक राहिलं नाही. एवढंच. यात माणसाचं नाव कुठे येतं?"

लोक डोळे मिटून अंगठे फिरवत उभे होते. पहिल्यांदा बायकांतली ठमाबाई म्हणाली, "जाड." तिने ती गोळी ताज्या पाण्याच्या तांब्यात टाकली, ती फुटली. "बारीक," तिची सून म्हणाली, आणि तिची दुसऱ्या तांब्यात बुडाशी बसली. मग सगळीकडून जाड, बारीक, जाड असे आवाज येऊ लागले. गावातला प्रत्येक जण खडेमहाराज झाला होता, आणि त्यांतल्या कोणालाही हिमालयात जावे लागले नव्हते.

खरा खडेमहाराज घोंगडी तिथेच टाकून बांधाच्या दिशेने निघाला होता. गावच्या पोलीस पाटलाने त्याला हौसाच्या शेवग्याखालीच धरला. खोटी जटा हातात आली, तिच्याखाली गोविंदाचे बारीक कापलेले केस होते.

पण ते बघायला मालू थांबली नव्हती. तिने पूजाला उचलले आणि खाडीकडे धावत सुटली. रस्त्याने पेण लांब, होडीने पलीकडच्या धक्क्यावर गेले की जीप मिळते. भरतीचे पाणी चढत होते आणि चिखलात आडवी पडलेली जनूची होडी हलायला लागली होती. इतके दिवस जिच्यात कोणी पाय ठेवला नव्हता, त्या होडीत मालू चढली, मागून हौसा चढली आणि पूजाला मांडीवर घेतले. काळुराम धापा टाकत मागून आला. त्याने वाटेत जनूच्या दारावरचे लाल फडके ओढून काढले होते. फडक्यातल्या मिठाला ओल सुटली होती, त्याची मूठ भिजली होती. फडके त्याने खाडीत भिरकावले.

"हौसे, मी..." तो म्हणाला.

"बोलशील मंग," हौसा म्हणाली. "आता होडी ढकल."

पेणच्या दवाखान्यात रक्त काचेवर घेतले. हिवताप निघाला, मेंदूवर जाणारा. डॉक्टर म्हणाले, ताप तात्पुरता उतरवत राहिलात म्हणून उशीर झाला. आणखी दोन दिवस थांबला असतात तर मी काही करू शकलो नसतो. पूजा वाचली. पुढच्या हंगामात ती मिठागरावर हौसाच्या मागे मागे फिरताना दिसायची.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण पोलीस ठाण्यात गोविंदाच्या झडतीत निघाली ती फक्त एक लाल पिशवी. बाकीचा माल कुठे, असे विचारल्यावर तो हसला म्हणे. "ड्रम तीन होते, साहेब. आणि माझ्याबरोबर माल उचलणारे आणखी दोघे होते." त्या दोघांचा ठावठिकाणा लागला नाही.

म्हणजे त्या गोळ्या अजून कुठेतरी आहेत. एखाद्या खाडीकाठी, एखाद्या डोंगराच्या वाडीत, कोण्या नवीन नावाच्या महाराजाच्या पिशवीत. आज गोळी असेल, उद्या आणखी काही असेल. तेव्हा तुमच्या गावात कोणी असा आला आणि त्याने स्वतःहून डोळे पुढे केले, तर ते बांधू नका. तो काय लपवतोय ते बघा, त्याचा अंगठा बांधा, आणि आपले डोळे उघडे ठेवा. कोणा बाईच्या दाराशी शेवग्याचे झाड असेल. तिच्या घराच्या दिशेने बघण्याआधी एकदा खडा ठेचून बघा.